पाणीमंत्र्यांची शपथ

शाळेत जे काही मोजायचं असतं ते शेवटी गणिताच्या मास्तरकडे येतं. खिचडीच्या तांदळाची पोती, सहलीच्या बसमधली डोकी, परीक्षेच्या पुरवण्या, संमेलनाच्या खुर्च्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हे सगळं माझ्याकडे आलं, आणि माझी मोजणी चुकली असं अजून कोणी म्हटलेलं नाही. याच न्यायाने शाळेची निवडणूकही माझ्याकडे आली.

शाळा परळला. सरकारी पैशावर चालणारी, मराठी माध्यमाची, आठवीपर्यंत. गिरण्या होत्या तेव्हा एकेका इयत्तेच्या चार तुकड्या भरत. आता एक भरते, तीही ओढूनताणून. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली मुलं आमच्याकडे येत नाहीत. त्या टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्यांची येतात. लालबाग, करी रोड, नायगाव एवढाच आमचा मुलूख.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शाळेत मंत्रिमंडळ असतं. प्रधानमंत्री, क्रीडामंत्री, आरोग्यमंत्री, सांस्कृतिक मंत्री आणि पाणी व स्वच्छता मंत्री, ज्याला सगळे नुसतं पाणीमंत्री म्हणतात. जूनअखेर मुलं अर्ज भरतात, आठवडाभर प्रचार करतात आणि मग मतदान. पूर्वी चिठ्ठ्या होत्या, आता टॅबवर बटण दाबलं की पीं वाजतं. त्या पीं साठी पहिलीची मुलं दोनदा रांगेत उभी राहतात, म्हणून बोटाला मार्करची शाई लावतो. निकाल लागला की येत्या शनिवारी शपथविधी, मग बिल्ले. मार्चअखेर बिल्ले परत घ्यायचे, मोजून.

माझा यातला नियम एकच. जो निवडून आला त्याला शपथ द्यायची, मला तो आवडो न आवडो. एका वर्षी एक पोरगा ‘शनिवारी गणित बंद’ एवढ्या एका घोषणेवर प्रधानमंत्री झाला. शिक्षकखोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्याला शपथ दिली, बिल्ला लावला आणि शनिवारी गणिताचा तास घेतला. वर्षभर त्याने माझ्याविरुद्ध आंदोलन चालवलं. दोघांचंही काम चोख झालं.

शपथेचा मजकूर जिन्याखाली आहे. प्लायवुडवर पांढरा रंग, त्यावर निळी अक्षरं: ‘मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, मी माझ्या देशाशी व माझ्या शाळेशी एकनिष्ठ राहीन, माझे काम पक्षपात न करता करीन आणि दिलेला शब्द पाळीन.’ खाली बारीक अक्षरांत ‘स्मरणार्थ’ आणि एका गिरणी कामगाराचं नाव. ही पाटी त्याच्या मुलाने, संतोषने दिली. संतोष आमचा विद्यार्थी, आमच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा पहिला प्रधानमंत्री. आता त्याचा केटरिंगचा आणि मांडवाचा धंदा आहे, शिवाय गणपती मंडळाचा तो कार्यवाह. शपथविधीला पाहुणा दरवर्षी तोच, आणि मुलांना वडापावही त्याच्याकडूनच.

रोजच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना असते. प्रतिज्ञेत आणि उद्देशिकेत देवाचं नाव नाही, प्रार्थनेत आहे. त्यावरून आमच्याकडे कधी वाद झाला नाही. ज्याला प्रार्थना म्हणायची नाही तो हात जोडून गप्प उभा राहतो आणि कोणी त्याला काही विचारत नाही. मंत्र्याची शपथ मात्र एकेकट्याने, माईकवर घ्यायची असते. तिथे गप्प राहायला जागा नाही.

मानसी सातवीत होती. वडील एका टॉवरला सिक्युरिटीत, आई घरी पोळी-भाजीचे डबे करते. करी रोडच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. गणितात मधली, पण उभी राहिली की बसत नाही अशा जातीची. ती पाणीमंत्री पदाला उभी राहिली आणि तिने प्रचारात एकही घोषणा दिली नाही. मधल्या सुट्टीत ती वर्गावर्गांतून फिरली आणि मुलींना एकच प्रश्न विचारला: तू शाळेत पाणी पितेस का? मोठ्या मुलींपैकी बहुतेकींनी नाही म्हटलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. वर पाणी चढत नव्हतं, आणि पाण्याशिवाय ते उघडं ठेवणं शक्य नव्हतं. खालचं एकच चालू, त्याला सुट्टीत रांग. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. एक मुलगी त्या महिन्यात परिपाठाला चक्कर येऊन पडली होती. आम्ही तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि घरी पाठवलं.

मानसीने फळ्यावर दोन आकडे लिहिले, किती मुली आणि त्यातल्या किती पाणी पीत नाहीत. खाली लिहिलं, ‘कुलूप उघडायचं.’ मला तो प्रचार आवडला हे कबूल करतो. समोरच्या उमेदवाराने गोळ्या वाटल्या होत्या. मानसीला त्याच्या तिप्पट मतं पडली.

गुरुवारी शपथविधीची तालीम होती. मी पुढे म्हणतो, मुलं मागून म्हणतात. चौघांनी म्हटलं. मानसीची पाळी आली, मी म्हटलं, “मी, ईश्वरसाक्ष शपथ घेते की,” आणि माईकवर काहीच आलं नाही.

“पाठ नाही का?”

“पाठ आहे, सर.”

“मग?”

“घ्यायची नाही.”

मागे कोणीतरी हसलं. मी तिला बाजूला घेतलं. “मंत्री व्हायचं नाही?”

“व्हायचंय. पण आई म्हणते, देवाला साक्षी ठेवून शपथ नाही घ्यायची. आमच्यात चालत नाही.”

शिक्षकखोलीत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, “नास्तिक असतील. किंवा धर्म बदलला असेल.”

“चतुर्थीला त्यांच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो,” मी म्हटलं. “गेल्या वर्षी तुम्हीच मोदक खाऊन आलात.”

“मग हे काय नवीन खूळ?”

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. बाई माणूस चांगल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती त्यांना बिनवादात काढायची होती, यात गैर काही नाही.

“सावंत सर, सोपं आहे. ती शपथ घेत नसेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला द्या.”

“त्याला कोणी निवडलेलं नाही, बाई.”

“अहो, लहान मुलांचा खेळ आहे तो.”

“खेळ असला तरी त्याचे नियम आपण शिकवतो. मतं तिला पडलीत.”

“मग देवाचं नाव काढणार? पालकांच्या ग्रुपवर कोणी टाकलं, शाळेने शपथेतून ईश्वर काढला, की संध्याकाळपर्यंत आपण दोघं मोबाइलवर फिरू. आणि तिला जबरदस्तीने म्हणायला लावलं, तर उलट बाजूची माणसं येतील. मला दोन्ही नको.”

त्यांची भीती खोटी नव्हती. हल्ली कशावरही दोन बाजू तयार असतात, फक्त ठिणगी पडायची वाट बघतात. मी त्यांना म्हटलं, “संविधानात मंत्र्यांच्या शपथेला दोन पर्याय दिलेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. टीव्हीवर आपण दोन्ही ऐकतो. आपल्या पाटीवर त्यातला एकच आहे, एवढंच.”

“ती पाटी संतोषच्या वडिलांची आहे.”

“पाटीला मी हात लावत नाही.”

“सर, उद्या काही झालं तर?”

“निवडणूक माझ्याकडे आहे. झालं तर माझ्यावर येईल. पण तिला शपथ नाही तर शनिवारी कोणालाच नाही. पाचही बिल्ले माझ्या कपाटात राहतील.”

मी आवाज चढवत नाही, त्यामुळे मी रागावलोय की काय हे लोकांना कळत नाही. रागावलो नव्हतो. ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मानसीच्या घरी गेलो. मीही करी रोडचाच, दोन गल्ल्या सोडून राहतो. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. एका बाजूला स्टीलचे डबे, भिंतीवर देव्हारा, त्यात तेवती समई. मला बघून तिने पदराला हात पुसले. चहा नको म्हटलं तरी आलाच.

“सर, तिका काय बोललास नाय ना? तिचो काय दोष नाय. मीच नको म्हटलंय.”

“मला कारण समजून घ्यायचंय. तुम्ही देव मानता.”

“मानतव म्हणानच नको म्हणतंय,” ती म्हणाली. मग माझ्यासाठी जरा शहरी मराठीत आली. “माझ्या दिराने गावच्या देवळात, देवाच्या पुढ्यात हात ठेवून शपथ घेतली होती. दारू सोडतो म्हणून. महिनाभर सोडली. मग परत सुरू. वर्ष नाही झालं, गेला. डॉक्टर म्हणाला लिव्हर. सासू म्हणते, शपथ मोडली. मला नाही माहीत काय खरं. पण त्या दिवसापासून या घरात देवाच्या नावाची शपथ कोण घेत नाही. मुलं खेळताना देवाशप्पथ म्हणाली तरी मी त्यांना लगेच ‘सुटली’ म्हणायला लावते.”

मैदानावर मी हे रोज ऐकतो. देवाशप्पथ आऊट होतास, देवाशप्पथ बॉल लागला. आणि लगेच, शपथ सुटली. घातलेली शपथ जो घालतो त्यानेच सोडवायची, हा मुलांचा कायदा. आम्ही मोठी माणसं मात्र शपथ घेतो ती सोडवायची विसरूनच जातो.

“आता ही काय म्हणते? वरच्या मजल्यावर पाणी आणीन म्हणते,” आई पुढे म्हणाली. “बारा वर्षांची पोर. उद्या नळाक पाणी नाय इला, तर देव कोणाक धरतलो? तिकाच. तिच्या हातात काय आसा, सांगा? पंप तिचो? पाइप तिचो?”

आम्ही तेवढ्याशा पोराकडून देवाला साक्षी ठेवून शब्द घेतो आणि पंपाची किल्ली आमच्याच खिशात ठेवतो, हे तिने मला पोळी लाटता लाटता सांगितलं होतं.

मी दुसऱ्या मजकुराबद्दल सांगितलं. देवाचं नाव नाही, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. मुलांसाठी दृढकथन शब्द कठीण, म्हणून प्रतिज्ञा.

तिने विचार केला. “देव साक्षी नाय, तर साक्षी कोण? साक्षीशिवाय शपथ कसली ती?”

“समोर बसलेले सगळे. शाळा. मी.”

“म्हणजे ती चुकली तर तुमी पण धरलं जातलास?”

“हो.”

मानसी दाराशी उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मगे चालात,” तिने होकाराची मान हलवली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर संदेश आला. कोणी टाकला ते मी शोधलं नाही. ‘शाळेत शपथेतून ईश्वर हटवणार? पालकांनी जागे व्हावे.’ खाली हात जोडलेली आणि रागावलेली चित्रं. दहाच्या सुमारास संतोष मोटरसायकलवरून आला, हेल्मेट हातात घेऊनच केबिनमध्ये. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, तुमच्याशी भांडायला नाही आलो,” संतोष म्हणाला. “पण हे काय ऐकतोय? माझ्या बापाची पाटी पुसणार?”

“पुसणार नाही.”

“मग देव काढणार म्हणतात ते?”

“काढणार नाही. ज्याला ईश्वरसाक्ष म्हणायचं तो म्हणेल. ज्याला नको तो गांभीर्यपूर्वक म्हणेल.”

“आज एकाला नको, उद्या दहा जणांना नको. मग राहणार काय? सर, तुम्हीच मला ती शपथ दिली होती. मी ईश्वरसाक्ष म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटलं होतं. गिरणी कामगाराच्या पोराला असं कोण वाटू देतं? मुलांना ते मिळायला नको?”

हे त्याने इतकं खरं सांगितलं की क्षणभर मला त्याचं पटलं. मीही रोज सकाळी देवाला दिवा लावून शाळेत येतो. माझा देवाच्या नावाला विरोध नाही.

“संतोष, तुला ते वाटलं कारण तू ते मनापासून म्हटलंस. तिला नुसतं तोंडाने म्हणायला लावलं तर तिला काय वाटेल?”

“एका मुलीसाठी सगळ्यांचं बदलायचं? बहुमत काय म्हणतं?”

“मंत्री बहुमताने ठरतो. दुसऱ्याच्या तोंडात कुठला देव घालायचा हे बहुमताने ठरत नाही. आणि ती शपथ देशाची आहे. देश तिचाही आहे, ती काहीही म्हणो.”

“मग तिला देव मानायला लाज वाटते का?”

दारात मानसीची आई उभी होती. ग्रुपवरचं वाचून डबे अर्धे टाकून आली होती, खांद्याला पिशवी तशीच. तिने संतोषला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बाबा, तू खयचो रे?”

संतोष गोंधळला. “मी? लालबागचा.”

“ता नाय. गाव.”

“कणकवलीकडचा.”

“आवस आसा?”

“हो, आई आहे. गावी असते.”

“तू हयसर देवाची शपथ घेतलंस, ता आवशीक सांगलं होतंस?”

हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं.

“सांग मां.”

“नव्हतं सांगितलं,” तो हळूच म्हणाला. “मारलं असतं तिने.”

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलले.

“मगे?” मानसीची आई म्हणाली. “आमका देवाची लाज नाय वाटत, बाबा. भीती वाटता. लाज वाटणारे शपथ घेवन मोडतत.”

संतोष खुर्चीत बसला. मग म्हणाला, “पाटीला हात लावायचा नाही, सर.”

“नाही लावणार.”

“आणि मला ते पटलेलं नाही. सांगून ठेवतो. शपथेत देव पाहिजे असंच माझं मत आहे.”

“मत ठेव. उद्या पाहुणा म्हणून येणार आहेस ना?”

“वडापावची ऑर्डर दिलेली आहे,” तो म्हणाला. याचा अर्थ येणार.

ग्रुपवर मोठ्या बाईंनी दोन ओळी टाकल्या. पाटी आहे तशीच राहील, ज्याला जी शपथ योग्य वाटते ती तो घेईल. खाली तीन-चार रागावलेली चित्रं आली, एकाने मुलाला शाळेतून काढतो म्हटलं. तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे.

शनिवारी पटांगणात सतरंज्या टाकल्या. दुसरा मजकूर मी फळ्यावर खडूने लिहिला आणि फळा जिन्याखालच्या पाटीच्या शेजारी उभा केला: ‘मी, समोरच्या सर्वांच्या साक्षीने, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की,’ पुढे सगळं तेच. देशाशी, शाळेशी, पक्षपात न करता, दिलेला शब्द. प्रत्येक मुलाला मी आधी विचारायचं ठरवलं होतं: कुठली?

प्रधानमंत्री झालेला ओंकार म्हणाला, “ईश्वरसाक्ष,” आणि खणखणीत आवाजात घेतली. पुढच्या रांगेत संतोष ताठ झाला. आरोग्यमंत्र्यांनीही तीच घेतली.

मग क्रीडामंत्री सिद्धार्थ आला. नायगावचा, गेल्या वर्षीही मंत्रिमंडळात होता. “कुठली?” मी विचारलं.

“फळ्यावरची, सर.”

घेऊन झाल्यावर बिल्ला लावताना मी हळूच विचारलं, “गेल्या वर्षी तर तू ईश्वरसाक्ष घेतली होतीस.”

“गेल्या वर्षी तुम्ही विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. मला कळावं म्हणून.

इतक्या वर्षांत मी कितीतरी मुलांना ते शब्द म्हणायला लावले असतील. त्यातली किती जणं आतून गप्प होती, हा आकडा माझ्याकडे नाही. तो आता मिळणारही नाही.

सांस्कृतिक मंत्र्यांनंतर मानसी. तिने फळ्याकडे बघितलं नाही. समोर बघून, एकेक शब्द सुटा करून तिने प्रतिज्ञा म्हटली. ‘समोरच्या सर्वांच्या साक्षीने’ म्हणताना तिची नजर पहिल्या रांगेवरून फिरली आणि संतोषवर थांबली. शेवटच्या रांगेत तिची आई उभी होती. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, देवळात घेतात तसा.

वडापाव वाटप सुरू झालं. मुलं रांगेत, गोंगाट. मानसी रांगेत नव्हती. ती संतोषच्या समोर उभी होती.

“काका, तुम्ही साक्षी आहात ना?”

“कसला?”

“आत्ताच्या शपथेचा. सगळे आहेत. सरही आहेत.” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “मग वर चला. दुसऱ्या मजल्यावर.”

संतोषने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये होता. पण ती जिन्याशी जाऊन थांबली होती आणि येईपर्यंत हलणार नव्हती. आम्ही तिघं वर गेलो. मागून मोठ्या बाई किल्ली घेऊन आल्या, न बोलावता. कुलूप उघडलं. आतल्या तिन्ही नळांना जळमटं होती. मानसीने एक नळ सोडला. काही आलं नाही, फक्त आत कुठेतरी हवा घुरघुरली.

संतोषने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीवरचा पाइप ठोकून बघितला. “बाई, व्हॉल्व्ह गेलाय. पंपही किती वेळ चालतो बघावं लागेल. मंडळाचा प्लंबर आहे. तुमची परवानगी असेल तर सोमवारी पाठवतो.”

“अर्ज करावा लागेल,” मोठ्या बाई सवयीने म्हणाल्या. मग मानसीकडे बघून म्हणाल्या, “मी करते. आजच करते.”

उतरताना संतोष मला म्हणाला, “सर, देव साक्षी असता तर बरं झालं असतं. तो असा हाताला धरून वर नेत नाही.”

पाणी काही सोमवारी आलं नाही. परवानगीला वेळ गेला, पाइप बदलावा लागला, त्यात गणपती आले, प्लंबर मांडवात अडकला. दर आठवड्याला मानसी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. मी फोन लावायचो. संतोष म्हणायचा, “सर, आली का ती?” दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप निघालं ते निघालं. पहिल्या दिवशी मुली वर जाऊन नुसत्या नळ सोडून बंद करत होत्या.

मार्चअखेर मंत्रिमंडळाची मुदत संपली. मुलं एकेक करून टेबलाशी आली, बिल्ले ठेवून गेली. मानसीने आपला ठेवला आणि तिथेच थांबली.

“सर, शपथ सोडवा.”

“मुदत संपली की संपतेच ना.”

“नाही. आई म्हणते, ज्याने घातली त्याने तोंडाने सोडवायची. नाहीतर अंगावर राहते.”

मी पेन खाली ठेवलं. “बरं. काय काय झालं ते सांग, मग सोडवतो.”

“कुलूप उघडलं. दोन नळांना पाणी येतं.” तिने वर बोट दाखवलं. “तिसरा गळतो. खाली बादली लावलीय.”

“मग सोडवू?”

तिने बिल्ल्याकडे बघितलं. जिन्याकडे बघितलं. मग बिल्ला उचलला, पिन उघडली आणि गणवेशावर परत लावला. “नको. तिसरा झाला की येते,” म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी मोठ्या बाई कपाटापाशी आल्या. बिल्ले मोजून म्हणाल्या, “सावंत सर, चारच आहेत. एक कमी आहे.”

“कमी नाही, बाई,” मी म्हटलं. “एक अजून कामावर आहे.”